सारंगी : कूळ एक, रूपं अनेक


आज ऐकूया सारंगीविषयी.

सारंगी गजानं वाजते.
लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून ती कोरतात.
तिच्या पोटावर चामडं ताणून बसवतात.
वर तीन मुख्य तारा, तातीच्या.
खाली तीसहून अधिक तरफेच्या तारा.
गज मुख्य तारांवर फिरतो, आणि तरफा आपोआप झंकारतात.

वादक तार बोटाच्या टोकानं दाबत नाही.
नखाच्या मुळाशी ती बाजूनं टेकवतो.
म्हणूनच सुरावरून सुरावर सरकणारी मींड सलग निघते, अगदी गळ्यासारखी.

आता तिची रूपं पाहू.
कूळ एक, पण प्रांतागणिक रूप वेगळं.

राजस्थानात लंगा कलावंत सिंधी सारंगी वाजवतात.
तिथलेच मांगणियार वाजवतात कमायचा.
त्याचं पोट गोल आणि मोठं, आवाज घुमारेदार.

नेपाळमध्ये गंधर्व समाजाची सारंगी आहे.
ती लहान, चार तारांची.
तिला तरफा नसतात.
गंधर्व ती घेऊन गावोगाव गाणी गात, बातम्याही पोहोचवत.

शास्त्रीय मैफलीत सारंगी पूर्वी मुख्यतः साथीला असे.
पंडित रामनारायण यांनी तिला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला.
त्यांचा जन्म उदयपूरचा, कर्मभूमी मुंबई.
2005 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

श्रोतेहो, पुन्हा सांगते :
कूळ एक, रूपं अनेक.

पेटी आल्यावर गायनाच्या साथीतली सारंगी मागे पडली.
शिकायला ती अवघड, म्हणून शिकणारेही थोडे.
तेव्हा सारंगीची मैफल जवळपास असेल, तर जरूर जा.
मुलांनाही सोबत न्या.