राखणदाराच्या पायातलं कुसळ

गटाच्या बैठकीत शेळ्यांची लस, शेळ्यांचा विमा, शेळ्यांचा हप्ता, सगळं बोलून होतं. त्या शेळ्यांमागं दिवसभर माळावर हिंडणाऱ्या कुत्र्याचं नाव मात्र कुणी काढत नाही. आज त्याच्याविषयी बोलू.

पावसाळा सरला की कुसळी गवत वाळू लागतं. उन्हाळ्यात त्याची कुसळं बांधावर, पायवाटेवर गळून पडलेली असतात. आपल्या साडीच्या काठाला चिकटतात ना, तीच. त्यांचं टोक सुईसारखं आणि त्यावर मागं वळलेली बारीक लव. म्हणून कुसळ पुढं सरकतं, मागं येत नाही. त्याच्या शेपटाचा पीळ ओल लागली की सुटतो, वाळलं की पुन्हा भरतो. बी मातीत रुतावं म्हणून ही सोय, पण कुत्र्याच्या कातडीतही ते तसंच घुसतं. आत गेलेलं कुसळ विरघळत नाही. गळू होतं, फुटतं, बरं झालंसं वाटतं आणि पुन्हा फुगतं. वरून कितीही मलम लावा, कुसळ आतच राहतं. एक्स-रेमध्येही ते सहसा दिसत नाही.

कुत्रं एकच पंजा सारखा चाटत असेल तर बोटांच्या बेचक्यात बघा. डोकं झटकत असेल, मान एका बाजूला वाकडी धरत असेल तर कानात गेलं असणार. रानातून आल्या आल्या शिंकांवर शिंका आल्या तर नाकात. एक डोळा मिटलेला, पाणी गळतंय, तर त्याला दम नाही, त्याच दिवशी दाखवा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, पण कुत्र्याच्या डोळ्यातलं पापणीआड लपतं, आपल्याला दिसत नाही.

खरा उपाय संध्याकाळचा आहे. शेळ्या कोंडल्या की पाच मिनिटं कुत्र्याजवळ बसा. बोटांच्या बेचक्या, कानाची पाळी, काख, जांघ, शेपटीखाली हात फिरवा. वर दिसणारं कुसळ चिमट्यानं सरळ ओढा, मोडू देऊ नका. झुबकेदार केस असतील तर उन्हाळ्याआधी पंजाचे आणि कानाजवळचे कातरून टाका.

आत गेलेलं मात्र सुईनं उकरू नका. कानात तेल, रॉकेल काही ओतू नका, पडदा फाटलेला असला तर आणखी इजा होते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा १९६२ वर फोन करून विचारा. उघडी जखम तशीच राहिली तर माश्या बसून किडे पडतात.

दुखऱ्या जागी हात लावला की घरचं कुत्रंही चावतं, त्यात त्याचा दोष नाही. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. हळद-चुना भरत बसू नका.

आणि कुत्रं बघून झालं की शेळ्यांचीही तोंडं बघा. गवत खाताना हिरडीत, ओठात कुसळ रुतलं की शेळी चारा सोडते, आणि आपण तिला जंताचं औषध पाजत राहतो.