हाताचे ज्ञान आणि प्रवासाची मोटारसायकल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहखर्च, वसतिगृह असे गंभीर विषय मांडले गेले. त्या मालिकेत मोटारसायकलीसारखा विषय घेऊन मी उभा राहिलो, याचे कित्येकांना नवल वाटेल. हा गृहस्थ स्वतःची हौस समाजाच्या गळ्यात बांधतो आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु लोखंड तापवून त्याला आकार देणे हा ज्यांच्या पूर्वजांचा धर्म होता, त्या पांचाळ समाजात यंत्राविषयी बोलण्यासाठी क्षमा मागावी लागू नये, अशी माझी समजूत आहे.

मी व्यवसायाने यंत्रज्ञ नाही. बँकेत आकडे मांडण्यात माझे आयुष्य गेले. माझे वडील मात्र ऐरणीवर नांगराचे फाळ आणि विळे घडवीत. मी सहावी-सातवीत असताना एकदा भाता ओढावयास बसलो, तेव्हा त्यांनी मला उठविले आणि म्हणाले, "हात काळेच करायचे होते, तर तुला शाळेत कशाला घातला?" पुढे माझ्या विवाहाची बोलणी चालू झाली, तेव्हा पाहुणे येणार म्हणून त्यांनी ती ऐरण पोत्याखाली झाकून ठेवली. ज्या ऐरणीने घर चालविले, ती दडवावी असे त्यांना का वाटले असेल, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही. तो पुढे एका घाटात सुचला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

१९९८ साली मी साडेतीनशे सीसीची बुलेट घेतली. या गाडीचा इतिहास आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एन्फिल्ड कंपनी आणि मद्रासची मद्रास मोटर्स यांच्या सहकार्याने १९५५ साली ती आपल्याकडे जुळविली जाऊ लागली. इंग्लंडातील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली. परंतु ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर धावेचा तो लोखंडी सिलिंडर आपल्या देशात २०१० च्या सुमारापर्यंत तयार होत राहिला. याचे एक कारण मला असे दिसते, की त्या गाडीचा स्वभाव गावोगावच्या कारागिरांना कळला होता. पाना, पकड आणि थोडा धीर असला, की ती रस्त्याच्या कडेला पुन्हा चालती होई.

गाडी माझी होती. ते ज्ञान मात्र माझे नव्हते. मला हौस होती ती सजावटीची. मी उंच हँडल बसविले, जाड लेग-गार्ड बसविला, आणि रात्रीच्या प्रवासासाठी १०० वॅटचा दिवा लावला. १०० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ८ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. तो सारा प्रवाह हँडलवरच्या नाजूक स्विचमधून जाणार. त्यासाठी वेगळी जाड तार आणि रिले हवा, हे मला कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही. दिवा लावताच अँमीटरचा काटा उणे बाजूस झुके. यंत्र मला रोज सांगत होते. परंतु त्याची भाषा मला येत नव्हती.

२००४ च्या श्रावणात आम्ही उभयता कोल्हापुराहून निपाणी, आजरा या मार्गे सावंतवाडीस निघालो. आंबोलीस पोहोचेपर्यंत अंधार पडला. घाटात पाऊस आणि धुके इतके, की चार हातांपलीकडचे दिसेना. एका वळणावर जळल्याचा वास आला आणि दिवा गेला. डावीकडे डोंगर आहे की दरी, याचा क्षणभर अंदाजच येईना. आवाजाच्या आधारे मी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. माझ्या पाठीवर टेकलेला पत्नीचा हात थरथरत होता. ती मात्र एक शब्दही बोलली नाही. तो अबोला मला आजही ऐकू येतो.

थोड्या वेळाने एक ट्रक थांबला. त्याचा क्लीनर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा असेल. त्याने हँडलवरून बोट फिरविले, वास घेतला आणि वितळलेला स्विच दाखविला. मग दोन तारा सोलून स्विचला वगळून त्या एकमेकींना जोडल्या आणि मी पिशवीत टाकून ठेवलेला मूळचा दिवा पुन्हा बसविला. दहा-पंधरा मिनिटांचे काम. जाता जाता त्याने विचारले, "साहेब, गाडी तुमची, मग वायरी कुणी टाकल्या?" त्या प्रश्नात उपहास नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला. लोहाराचा मुलगा मी, आणि माझ्याच यंत्रापुढे हात बांधून उभा होतो! पोत्याखाली झाकलेली ऐरण मला त्या घाटात आठवली.

त्यानंतर मी प्रथम सजावट उतरविली आणि अभ्यास आरंभिला. रविवारची सकाळ त्यासाठी राखून ठेवली. शिकलेल्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. कॉन्टॅक्ट पॉइंटमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी, आणि ती डोळ्यांनी नव्हे, फीलर गेजने मोजावी. टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना लावावेत. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, परंतु वरखाली हलता कामा नये. प्रवासाला निघण्यापूर्वी क्लचची दुसरी केबल जुन्या केबलीशेजारीच ओवून ठेवावी, म्हणजे पहिली तुटली तर पावसात टाकी उतरवावी लागत नाही. चाकाच्या प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकेच टिचकी मारावी. ताणलेला स्पोक खणखणीत वाजतो, सैल झालेला बद्द बोलतो. ही शेवटची परीक्षा मला कोणी शिकविली नाही. वडील नव्या फाळावर हातोडी मारून कान लावीत, ते आठवले एवढेच.

असे करता करता गाडीत फेरफार करण्याचा खरा अर्थ कळू लागला. फेरफार हा यंत्राला विचारून करावयाचा असतो. सामानाचे ओझे मागच्या चाकाच्या आसापलीकडे आणि उंच बांधले, तर पुढचे चाक हलके होते आणि गाडी डोलू लागते. म्हणून मी दोन्ही अंगांना, शक्य तितक्या खाली व पुढे, पिशव्यांसाठी कॅरियर केले. ते करताना मूळ सांगाड्यावर कोठेही वेल्डिंग केले नाही. नटबोल्ट आणि पट्ट्यांवर सारे तोलले आहे, म्हणजे उद्या काढावयाचे झाले तर गाडी होती तशी राहील. हँडल कोपराच्या सोईचे केले, शोभेचे नव्हे. दिव्यासाठी मूळ शक्तीचाच बल्ब ठेवून रिले, जाड तार आणि स्वतंत्र फ्यूज घातला. उजेड पूर्वीहून चांगला पडतो, कारण वाटेत वाया जाणारा दाब आता दिव्यापर्यंत पोहोचतो.

येथे तरुण मित्रांना दोन शब्द स्पष्ट सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाचे निर्मात्याने ठरविलेले मूळ स्वरूप बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते निःसंदिग्धपणे सांगितले आहे. कर्णकर्कश सायलेन्सर पोलिसांनी जप्त करून रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण पाहिली असतील. मला दंडाचे भय दाखवावयाचे नाही. ज्या आवाजाने शेजारचे तान्हे मूल दचकून उठते, तो कौशल्याचा आवाज नव्हे, एवढेच म्हणावयाचे आहे. उत्तम कारागिराचे यंत्र शांत चालते.

कोणी म्हणेल, आताच्या गाड्या निराळ्या आहेत. २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली. कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. पॉइंट तर केव्हाच गेले. हे खरे आहे, आणि संगणकाच्या कामात अर्धवट ज्ञानाने हात घालू नये, हेही खरे. परंतु चेनचा ताण, टायरमधील हवा, ब्रेकचे पॅड, केबलींचे तेलपाणी आणि सैल झालेला नट यांचे पालन आजही मालकाकडेच आहे. आणि कोणत्या कामाला हात घालावयाचा नाही, हेसुद्धा हात घातल्याशिवाय कळत नाही.

आमच्या पिढीने शिक्षण घेतले, ते योग्यच केले. वडिलांनी मला भात्यावरून उठविले, यात त्यांची चूक नव्हती. त्या कामाने मिळणाऱ्या तुटपुंज्या मोबदल्याला आणि हलक्या वागणुकीला ते विटले होते. चूक झाली ती आमची. आम्ही दारिद्र्य टाकावयाचे, ते हत्यारेही टाकून बसलो. धंदा सुटला म्हणून विद्या सुटली पाहिजे, असे थोडेच आहे? पोटासाठी जे करावे लागत नाही, ते प्रेमाने करता येते. हौस या शब्दाला मी हाच अर्थ देतो.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. आपल्या इमारतीच्या मागील बाजूची खोली मोडक्या खुर्च्यांनी भरलेली आहे. ती मोकळी करून महिन्यातून एका रविवारी आपल्या मुलांसाठी, आणि मुलींसाठीही, उघडी ठेवावी. पान्यांचा एक संच, एक शेगडा आणि हवेचा एक पंप मी देतो. स्वतःच्या सायकलीची चेन बसविण्यापासून आरंभ करू. माझ्या पुतणीने गेल्या दिवाळीत स्वतःच्या स्कूटरचा प्लग काढून साफ केला. तिचे काळे झालेले हात पाहून घरात कोणी रागावले नाही, आणि मला वडिलांची आठवण झाली.

ती ऐरण आता माझ्या पडवीत उघड्यावर असते. वाकलेली पट्टी मी तिच्यावरच सरळ करतो. घरी पाहुणे आले, तर ती कोणाची, हे मीच पुढे होऊन सांगतो.