जपानचे उच्च शिक्षण : स्वभाषा आणि विश्वसंपर्क



महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती एकदा एक छोटी पुस्तिका आली. टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहिती तीत होती. जिन्झो नारुसे यांनी 1901 मध्ये स्थापिलेल्या या संस्थेपासून प्रेरणा घेऊन कर्व्यांनी 1916 मध्ये पुण्यात भारतातील पहिले महिला विद्यापीठ उभारले. तेथे शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले आणि इंग्रजी हा विषय आवश्यक केला. स्वभाषेचा पाया आणि जगाकडे उघडणारी खिडकी, हीच जपानच्या विद्याव्यवहाराची मूळ दृष्टी होय.

1868 च्या मेजी क्रांतीनंतर जपानी शासनाने ज्ञान जगभरातून मिळविण्याचा संकल्प केला. भरघोस वेतन देऊन परदेशी अध्यापक आणले आणि तरुणांना युरोप-अमेरिकेत पाठविले. 1871 मध्ये निघालेल्या इवाकुरा शिष्टमंडळासोबत पाच मुलीही होत्या. त्यांपैकी त्सुदा उमेको अवघी सहा वर्षांची होती. अकरा वर्षांनी ती मायदेशी परतली, तेव्हा मातृभाषा विसरली होती. ती तिला नव्याने शिकावी लागली. पुढे 1900 मध्ये तिने मुलींसाठी इंग्रजी शिक्षणाची संस्था काढली. 2024 पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे.

1877 मध्ये टोकियो विद्यापीठ स्थापन झाले. आरंभी तेथे बरेचसे अध्यापन परकीय भाषांतून चाले. परदेशी शिकलेले जपानी विद्वान परतू लागले, शास्त्रीय परिभाषा घडली आणि ज्ञान जपानीतून वाहू लागले. 2008 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले तोशिहिदे मासुकावा त्यापूर्वी कधीही परदेशी गेलेले नव्हते. नोबेल व्याख्यानही त्यांनी जपानीतूनच दिले. स्वभाषेतील शिक्षणाचे सामर्थ्य यातून प्रत्ययास येते.

परंतु हीच भाषा बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना तटबंदी वाटू लागली. शासनाने 1954 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. 1983 मध्ये एक लाख परदेशी विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट ठेवले, ते 2003 मध्ये साध्य झाले. 2008 मध्ये तीन लाखांचा संकल्प झाला. तो 2019 मध्ये पूर्ण झाला. महासाथीच्या काळात संख्या घटली, तरी 2024 मध्ये ती 3 लाख 36 हजारांवर गेली. आता 2033 पर्यंत चार लाखांचे लक्ष्य आहे.

यामागे औदार्याइतकीच गरजही आहे. 1992 मध्ये जपानमध्ये अठरा वर्षे वयाचे सुमारे वीस लाख तरुण होते. आता ते अकरा लाखांच्या आसपास उरले आहेत. देशात सुमारे आठशे विद्यापीठे असून त्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक खासगी आहेत. अनेकांना विद्यार्थ्यांची वाण भासते. म्हणूनच निवडक विद्यापीठांत इंग्रजीतून अभ्यासक्रम निघाले. बेप्पू येथे 2000 मध्ये सुरू झालेल्या विद्यापीठात तर जवळजवळ निम्मे विद्यार्थी परदेशी असतात.

आपल्या पाल्यांना तिकडे पाठवू इच्छिणाऱ्या पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. इंग्रजीतून पदवी मिळेल. परंतु प्रयोगशाळेतील संवाद, शेजाऱ्यांचा स्नेह आणि पुढील नोकरी यांसाठी जपानी भाषा हवीच. जपानी शासनाच्या शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क माफ असते, निर्वाहभत्ता मिळतो आणि त्याची परतफेड करावी लागत नाही. दूतावासाच्या किंवा विद्यापीठाच्या शिफारशीने तिचा मार्ग खुला होतो. जाण्यापूर्वी किमान वर्षभर भाषेचा अभ्यास केल्यास ती वाट सुकर होईल.

आणि जाताना मुलांनी आपली मराठीही सोबत न्यावी. उमेकोला मातृभाषा पुन्हा शिकावी लागली; आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये. दूरदेशीची विद्या आणून ती आपल्या भाषेत रुजविणे, हेच कर्व्यांच्या हाती आलेल्या त्या पुस्तिकेचे खरे सार आहे.