रक्ताचा कर्करोग : उपचार किती आणि कोठवर?

(भाषणाचा मजकूर)

रक्ताचा कर्करोग हे शब्द कानी पडताच घरात सुतकी कळा पसरते. चार-साडेचार दशकांपूर्वी ती अनाठायी नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस भारतात तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया या रोगाने ग्रासलेल्या पाच मुलांपैकी एखादेच कसेबसे वाचत असे. आज सुसज्ज केंद्रांत वेळेवर दाखल झालेली आणि उपचार पूर्ण करणारी बहुसंख्य मुले बरी होतात. परिस्थितीत झालेल्या या पालटामुळे वैद्यकीय वादाचे स्वरूपही पालटले आहे. पूर्वी रोगी वाचेल की नाही, हा प्रश्न असे. आता उपचार किती करावा, कोठे थांबवावा आणि त्याचा भार कोणी सोसावा, असे प्रश्न पुढे आले आहेत.

रक्त हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, तयार होते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास साह्य करणाऱ्या बिंबिका यांची निर्मिती तेथे अखंड चालू असते. या निर्मितीवरील ताबा सुटून सदोष पेशी बेसुमार वाढू लागल्या म्हणजे ल्युकेमिया होतो. अशी वाढ प्रामुख्याने लसीका ग्रंथींत झाल्यास त्यास लिंफोमा म्हणतात आणि प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्या पेशींत झाल्यास मायलोमा म्हणतात. रोग एक नसून अनेक आहेत. साहजिकच एकाचे औषध दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही.

वाचविणाऱ्या उपचाराची किंमत

१९४७ साली बॉस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना ॲमिनॉप्टेरिन हे औषध देण्यास प्रारंभ केला. ज्या संशोधकांच्या चमूने हे द्रव्य तयार केले, त्याचे नेतृत्व आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. १९४८ मध्ये फार्बर यांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार १६ पैकी १० मुलांना गुण आला. परंतु तो तात्पुरता होता. एक औषध पुरेसे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

पुढे मेम्फिस येथे डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र वापरली. तथापि, रक्तातून दिलेली औषधे मेंदूच्या आवरणापर्यंत पुरेशी पोहोचत नसल्याने रोग तेथे दबा धरून राहतो आणि पुन्हा उद्भवतो, असे दिसून आले. म्हणून डोक्यावर किरणोपचार देण्यात येऊ लागले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या पद्धतीने निम्मी मुले बरी होऊ लागली. हा फार मोठा विजय होता.

पण बरी झालेली मुले वयाने वाढू लागली, तेव्हा या विजयाची दुसरी बाजू दिसू लागली. काहींना अभ्यास झेपेना, काहींची उंची खुंटली, तर काहींना पुढे मेंदूत नव्या गाठी झाल्या. साहजिकच प्रश्न निर्माण झाला : सर्वच मुलांना किरणोपचार आवश्यक आहेत काय? मेम्फिसच्याच सेंट ज्यूड रुग्णालयाने किरणोपचार पूर्णपणे वगळून ४९८ मुलांवर उपचार केले. पाठीच्या कण्यातील द्रवात थेट औषधे आणि शिरेतून मेथोट्रेक्सेट हे औषध मोठ्या मात्रेत, अशी ती पद्धत होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांअखेर जिवंत असणाऱ्या मुलांचे प्रमाण ९३ टक्क्यांहून अधिक होते.

मग हीच पद्धत सर्वत्र का अवलंबू नये? येथेच मतभेद सुरू होतात. मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा दिल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण वारंवार मोजावे लागते. ते वेळीच उतरले नाही, तर मूत्रपिंडास इजा होते. अशी प्रयोगशाळा जेथे नाही, तेथे आधुनिक म्हणून ही पद्धत उचलणे धोक्याचे ठरते. भारतात १९८० च्या दशकात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि मद्रासची कर्करोग संस्था यांनी एक समान उपचारपद्धती स्वीकारली. तीत किरणोपचार होते आणि औषधांची तीव्रता देशातील सोयींना पेलेल अशी ठेवण्यात आली होती. तिच्यामुळे वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. जहाल औषधांनी पांढऱ्या पेशी घटतात आणि जंतुसंसर्गाने मूल दगावते. म्हणून देशातील सोयी पाहून उपचाराची मात्रा ठरवावी, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. दुसरा पक्ष म्हणतो, भारतीय मुलाने कमी प्रतीच्या उपचारावर समाधान का मानावे? सोयीच वाढवाव्यात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

आयुष्यभराची गोळी

दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाची कथा वेगळी आहे. या रोगाच्या मुळाशी असलेला गुणसूत्राचा दोष १९६० साली फिलाडेल्फिया येथे आढळला. त्या दोषातून निर्माण होणाऱ्या प्रथिनास रोखणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली. जो रोग काही वर्षांत जीव घेत असे, तो रोज गोळी घेऊन आटोक्यात राहू लागला.

या गोळीबाबत पहिला वाद किमतीचा झाला. मूळ कंपनीच्या औषधास महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांत मिळे. नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. ज्ञात औषधाच्या नव्या रूपाने गुणकारिता वाढल्याचे सिद्ध झाल्याखेरीज पेटंट देता येणार नाही, ही कायद्यातील तरतूद त्या वेळी निर्णायक ठरली. संशोधनावरील खर्च भरून निघाला नाही, तर नवी औषधे कशी निघतील, हा कंपन्यांचा प्रश्न मात्र आजही विचारला जातो.

दुसरा वाद गोळी थांबविण्याचा आहे. किमान दोन वर्षे अतिसूक्ष्म तपासणीतही रोगाचा मागमूस न आढळलेल्या रोग्यांची गोळी फ्रान्समध्ये थांबविण्यात आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाअखेर सुमारे ४० टक्के रोग्यांत रोग परतला नव्हता. उरलेल्यांपैकी बहुतेकांत तो सहा महिन्यांच्या आत परतला. गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो आटोक्यात आला. परंतु हे रोगी वारंवार तपासले जात होते. ज्या रोग्यास तपासणीसाठी दोनशे किलोमीटर प्रवास करावा लागतो, त्याने असा धोका पत्करावा काय, हा खरा प्रश्न आहे.

सौम्य उपचार आणि महागडा उपचार

कमी उपचार म्हणजे कमी यश, असे नेहमीच नसते. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात पूर्वी जहाल रसायने द्यावी लागत. चिनी वैद्यकतज्ज्ञांनी या रोगात आर्सेनिक म्हणजे सोमल आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे एक औषध यांचा उपयोग दाखवून दिला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात, फार तीव्र नसलेल्या रोगात केवळ या दोन औषधांवर ठेवलेले ९७ टक्के रोगी दोन वर्षांअखेर उपचारातील अपयश, रोगाचा पुनरुद्भव वा मृत्यू यांपासून दूर राहिले. जहाल रसायनांच्या गटात हे प्रमाण ८६ टक्के होते. अर्थात, हा उपचार रुग्णालयात मोजून-मापून करावयाचा असतो. सोमल औषधी आहे असे ऐकून ते परस्पर घेणे म्हणजे विष घेणे होय.

मायलोमात मतभेद आहे तो रोग्याच्याच मूलपेशी काढून, जहाल औषध देऊन, त्या परत भरण्याच्या उपचारासंबंधी. हा उपचार आरंभीच केल्यास रोग सरासरी ६७ महिने दबून राहतो आणि न केल्यास ४६ महिने, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात आढळले. मात्र तोवर एकूण आयुर्मानात फरक पडलेला नव्हता. काही तज्ज्ञ रोगमुक्त काळास महत्त्व देतात. आज चांगली औषधे असल्याने हा त्रास पुढे ढकलावा, असे इतर म्हणतात.

सर्वांत नवा उपचार म्हणजे रोग्याच्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना कर्कपेशी ओळखण्यास शिकवून परत शरीरात सोडणे. त्यास कार-टी असे म्हणतात. अमेरिकेत २०१७ साली त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर ठेवण्यात आली. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या देशी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याची किंमत परदेशी उपचाराच्या सुमारे एक-दशांश सांगण्यात आली. तरीही ती लाखो रुपयांच्या घरात जाते. शिवाय अशा उपचारानंतर क्वचित नवा कर्करोग उद्भवू शकतो, असा इशारा छापण्यास अमेरिकन नियंत्रकांनी २०२४ मध्ये सांगितले. एका रोग्यावर होणाऱ्या या खर्चात किती मुलांचा नेहमीचा उपचार पूर्ण होईल, हा हिशेब कठोर वाटला, तरी सार्वजनिक निधी वाटणाऱ्यांना तो टाळता येत नाही.

गावाचा वाटा

हे वाद तज्ज्ञांचे आहेत. मग शिक्षकांचा आणि पंचायत सदस्यांचा त्यांच्याशी संबंध काय? संबंध निकटचा आहे. उपचार ‘थांबविणे’ आणि उपचार ‘सोडणे’ या दोन गोष्टी पूर्णपणे भिन्न आहेत. पहिला निर्णय तपासणीच्या आधारे डॉक्टर घेतात, तर दुसरा बहुधा गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि मुंबई-पुण्यातील मुक्कामाचा प्रश्न घेतो. मुलांच्या तीव्र ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिल्या एक-दोन महिन्यांतच मूल हसू-खेळू लागते आणि रोग गेला असे घरच्यांना वाटते. येथेच घात होतो, कारण अर्धवट राहिलेला रोग परततो आणि तो अधिक चिवट असतो.

म्हणूनच काही गोष्टी गावपातळीवर अवश्य व्हावयास हव्यात. दीर्घकाळ न हटणारा ताप, वाढता फिकेपणा, अंगावरील काळे-निळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडांतील वेदना अशी चिन्हे दिसताच रक्ताची तपासणी करवावी. निदानापूर्वी स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ नयेत; त्यांनी तात्पुरता आराम पडतो आणि रोग झाकला जातो. हा रोग संसर्गजन्य नाही, हे शिक्षकांनी वर्गात स्पष्ट सांगावे. वर्गात कांजिण्या आल्यास मात्र उपचार घेणाऱ्या मुलाच्या पालकांना तत्काळ कळवावे, कारण त्या मुलास त्या घातक ठरू शकतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागणारी कागदपत्रे आणि कर्करोग्यांसाठी असलेली रेल्वे भाड्यातील सवलत मिळवून देण्यास पंचायतीने हातभार लावावा. रक्तदानाची सवय गावात रुजवावी, कारण उपचारकाळात रक्त व बिंबिका वारंवार लागतात.

उपचार किती करावा, याचे उत्तर शास्त्र शोधीत आहे आणि ते उत्तर वेळोवेळी बदलत राहील. परंतु उपचार मध्येच सुटू नये, याविषयी जगातील कोणत्याही तज्ज्ञाचा मतभेद नाही. तेवढे साधण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील तपासणीची तारीख कोणती आणि त्या दिवशी मुलासोबत कोण जाणार, एवढी विचारपूस गावाने केली, तरी एका घराचा आधार होईल.