आपलाच कान, आपलाच गुरू



रोह्याहून वीरपर्यंत आगगाडी १९९३ साली आली. पण गिटारचा गुरू काही तिच्यातून माझ्या दाराशी उतरला नाही. म्हणून हे वाद्य मी घरीच शिकलो. बोटांनी वाजवण्याच्या रीतीत अंगठा जाड तारांवर खर्ज धरतो. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका बारीक तारांवर सुरावट काढतात. म्हणजे एकाच हाताने गवई आणि साथीदार दोघांना सांभाळायचे! मन बोटांत गुंतलेले असल्यामुळे आपले सारे जमले, असेच वाजवताना वाटते.

मग एकदा गाडी गेल्यावर शांतता पाहून ध्वनिमुद्रण केले. फोन गिटारच्या बाराव्या पडद्यासमोर दोन वितींवर ठेवला. मधल्या भोकासमोर ठेवला तर खर्ज फार घुमतो. ऐकले आणि खजील झालो. अवघड जागी लय रेंगाळत होती, सोप्या जागी पळत होती. त्यानंतर कित्येक दिवस त्याच चार मात्रा संथपणे घोटल्या.

स्पेनचा आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) बहुतांशी स्वतःच शिकला. त्याच्या उमेदवारीत हा आरसा त्याच्या खिशात नव्हता. आपल्या खिशात आहे. पण आपण तो जगाला दाखवायला उचलतो, स्वतःला पाहायला नाही. वादन चार लोकांना ऐकवण्याआधी एकट्याने, खोटी दया न दाखवता ऐकावे, एवढेच माझे मागणे. गुरू दूर असेल. कान तर जवळच आहे.