शोध, शोधक आणि पेटंटचा कागद

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्ञातीतील तरुणांनी घरी अगर कारखान्यात स्वतःच्या बुद्धीने तयार केलेल्या यंत्रांचे व युक्त्यांचे एक प्रदर्शन पुढील संमेलनात भरवावयाचे मंडळाने योजिले आहे. ही योजना ऐकून आम्हांला आनंद झाला. पण खरे सांगावयाचे तर आनंदाबरोबर थोडी धास्तीही वाटली. ती कशाची, हे उलगडून सांगावे म्हणून आजचा विषय घेतला आहे. पगारी संशोधकांचा किंवा मोठमोठ्या प्रयोगशाळांचा विचार येथे नाही. ज्याच्या पाठीशी कंपनी नाही, जो नोकरी सांभाळून रात्री दिव्याखाली खटपट करतो, अशा एकट्या शोधकाविषयी आम्ही बोलणार आहो.

पेटंट म्हणजे सरकारने शोधकाच्या पाठीवर दिलेली शाबासकीची थाप, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. सरकारी परिभाषेत ज्याला 'एकस्व' म्हणतात ते पेटंट हा वस्तुतः एक करार आहे. शोधकाने आपली कृती इतकी स्वच्छ लिहून द्यावयाची की त्या विषयातील जाणत्या माणसाला ती वाचून वस्तू करता यावी. आणि त्या बदल्यात ठराविक मुदतीपर्यंत इतरांना ती वस्तू करण्यास व विकण्यास मनाई करण्याचा हक्क शोधकास मिळावयाचा. आपल्याकडे सध्या ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षांची आहे. मुदत संपली की तो शोध सर्वांचा.

आपली जुनी रीत याच्या उलट होती. वैद्याची मात्रा, रंगाऱ्याचे रंग, ओतकाम करणाऱ्याचे धातूंचे प्रमाण, हे बापाने मुलाच्या कानात सांगावयाचे. मुलगा नसला, किंवा असून त्याचे त्या धंद्यात चित्त नसले, की ती विद्या म्हाताऱ्याबरोबर सरणावर जावयाची. अशा किती विद्या गेल्या याची गणती कोणी केलेली नाही. पेटंटच्या कायद्याला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतील काही नावे रास्तही आहेत; परंतु 'सांग आणि मग भोग' ही त्याची अट आम्हांला शहाणपणाची वाटते.

हा कायदा हिंदुस्थानात नवा नव्हे. १८५६ साली तो प्रथम झाला, आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या गृहस्थांनी पहिला अर्ज केला. अर्ज कशाचा होता? पंखा ओढण्याच्या यंत्राचा! साहेबाच्या डोक्यावरील पंखा ओढीत व्हरांड्यात बसणाऱ्या गड्याला त्याबद्दल काय वाटले असेल, ते कोणी लिहून ठेविलेले नाही.

आता आपल्या मुंबईच्या एका माणसाकडे वळू. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ साली मुंबईत झाला. यंत्रांचे वेड लहानपणापासूनचे. किराणा मालासारखा जिन्नस आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची कल्पना त्यांनी लंडनच्या एका नियतकालिकाने लावलेल्या स्पर्धेत पाठविली आणि इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळविले. त्या बळावर ते विलायतेस गेले. तेथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, आणि तो नुसत्या शब्दांचा नव्हे, पैशाचाही. भिसे यांचे मोठे काम म्हणजे छापखान्याचे खिळे ओतण्याचे यंत्र. त्या काळी खिळे ओतणारी यंत्रे होतीच. पण भिसे यांच्या यंत्रात अनेक खिळे एकदम ओतले जात. त्याचे नाव 'भिसोटाईप'. जाणत्यांनी प्रथम हे शक्यच नाही म्हणून मान हलविली. भिसे यांनी ते करून दाखविले.

करून दाखविले, आणि खरी अडचण तेथून सुरू झाली. यंत्राचा एक नमुना बनविणे निराळे आणि शंभर यंत्रे बनवून छापखानेवाल्यांना विकणे निराळे. त्याला भांडवल लागते. हिंडमन नावाचे इंग्रज समाजवादी पुढारी भांडवल उभे करावयास निघाले, पण त्यांना यश आले नाही. पुढे गोपाळ कृष्ण गोखले मध्ये पडले आणि सर रतन टाटा यांनी पैसा घातला. तरीही धंदा स्थिरावला नाही. महायुद्धाच्या काळात भिसे अमेरिकेस गेले. तेथे खिळ्यांच्या यंत्राची सुधारलेली आवृत्ती काढली, आयोडिनचे एक औषध सिद्ध केले, आणि १९३५ साली न्यूयॉर्क येथे त्यांचा अंत झाला. अनेक पेटंटे त्यांच्या नावावर होती. दादाभाई, गोखले आणि टाटा अशी तीन माणसे ज्याच्या मागे उभी राहिली, त्याचीही ही कथा. ज्याच्या मागे एकही नाही त्याचे काय होत असेल, याची कल्पना आपणच करावी.

काळ हा एकट्या शोधकाचा सर्वांत मोठा वैरी. चेस्टर कार्लसन हे नाव आपल्यापैकी थोड्यांनी ऐकले असेल. त्यांच्या कामाचे फळ मात्र प्रत्येकाने हाती धरलेले आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात आपण जी 'झेरॉक्स' काढतो ती कार्लसन यांची. हे न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या पेटंट खात्यात नोकरीस होते. कागदपत्रांच्या नकला करावयाच्या, आणि बोटांत संधिवात. शाई व रसायने यांच्याशिवाय कोरडी नकल निघेल काय, या विचाराने त्यांना पछाडले. ऑस्ट्रियातून आलेल्या ऑटो कोर्नाय या निर्वासित शास्त्रज्ञास मदतनीस घेऊन २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया येथील भाड्याच्या खोलीत त्यांनी प्रयोग केला. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, रुमालाने घासून त्यात वीज उत्पन्न केली, अक्षरे लिहिलेली काच वर धरून प्रकाश पाडला आणि बारीक पूड भुरभुरली. जेथे प्रकाश पडला तेथील वीज गेली. अक्षरांच्या सावलीत ती राहिली आणि तेथे पूड चिकटली. ती मेणकागदावर उठवली तेव्हा त्या दिवसाची तारीख आणि 'अ‍ॅस्टोरिया' हा शब्द स्पष्ट वाचता आला.

यानंतर वीसांहून अधिक कंपन्यांचे उंबरठे कार्लसन यांनी झिजविले. मूळ पेटंट १९४२ च्या ऑक्टोबरात हाती आले. १९४४ साली एका संशोधन संस्थेने काम अंगावर घेतले, १९४७ साली हॅलॉइड नावाची फोटोच्या कागदाची छोटी कंपनी पुढे आली, आणि कचेरीत सहज चालेल असे यंत्र बाजारात आले ते १९५९ मध्ये. आता बेरीज करा. त्या वेळी अमेरिकेत मुदत पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षांची होती. म्हणजे यंत्र लोकांपुढे आले त्याच सुमारास मूळ पेटंटची घटका भरली! मधल्या काळात सुधारणांची निराळी पेटंटे घेऊन ठेविली होती म्हणून कंपनी तरली. कार्लसनही श्रीमंत झाले आणि त्यांनी बहुतेक संपत्ती दानात दिली.

अलाबामातील मेरी अँडरसन या बाईंच्या वाट्याला तेवढेही आले नाही. न्यूयॉर्कच्या थंडीत ट्रामच्या काचेवर बर्फाचे पाणी साचते आणि चालक खिडकी उघडून कुडकुडत गाडी हाकतो, हे त्यांनी पाहिले आणि आतून दांडी ओढली की काच पुसली जाईल अशी योजना केली. पेटंट १९०३ चे. एका कंपनीने उत्तर धाडले की या वस्तूस बाजारात किंमत नाही. १९२० साली मुदत संपली, आणि मग पुढील काही वर्षांत मोटारींना काच पुसण्याचे साधन सर्रास बसू लागले. बाईंना एक छदामही मिळाला नाही.

त्याच काचेच्या पुसणीवर पुढे आणखी एक युद्ध झाले. डेट्रॉइटचे रॉबर्ट कर्न्स यांनी थांबून थांबून चालणारी पुसणी काढली. डोळ्याची पापणी जशी मिटते तशी ती रिमझिम पावसात मधून मधून एकदाच फिरावयाची. फोर्ड कंपनीच्या इंजिनियरांना त्यांनी ती दाखविली; १९६७ साली पेटंट मिळाले; १९६९ पासून फोर्डच्या गाड्यांत तशी पुसणी येऊ लागली, पण कर्न्स यांच्याशी करार काही झाला नाही. १९७८ साली त्यांनी दावा लावला. १९९० मध्ये फोर्डने सुमारे एक कोट डॉलर देऊन तो मिटविला, आणि पुढे क्रायस्लरकडूनही तीन कोटींच्या घरात रक्कम वसूल झाली. आकडे ऐकून डोळे दिपतात. परंतु या धामधुमीत त्यांचा संसार मोडला, आणि उरलेले दावे मुदतीत कागद न दिल्यामुळे निकालात निघाले. पेटंट म्हणजे कोर्टाच्या दाराची किल्ली आहे; दार उघडून आत किती वर्षे उभे राहावयाचे, ते त्या किल्लीवर लिहिलेले नसते.

मार्गारेट नाइट यांची गोष्ट याहून सुखाची आहे. सपाट बुडाची कागदी पिशवी करणारे यंत्र त्यांनी अमेरिकेत काढले. यंत्र घडविले जात असता ते पाहून गेलेल्या एका मनुष्याने स्वतःच्याच नावावर अर्ज ठोकला, आणि 'बाईमाणसाला यंत्रातले काय कळते' असा बचाव केला म्हणतात. नाइट यांनी काय केले? आपल्या वह्या, नकाशे आणि ज्यांच्यासमोर काम झाले ते साक्षीदार पुढे उभे केले. १८७१ साली पेटंट त्यांना मिळाले. आमच्या मुलींनी हे नाव ध्यानात ठेवावे, आणि मुलांनी त्या वह्या.

आता घरचे, आणि मनाला लागणारे एक उदाहरण. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. भाताच्या शेतात काही लोंब्या निराळ्या दिसल्या, त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे निवडून पेरल्या, आणि बारीक, चवदार तांदळाचे एक वाण सिद्ध केले. त्या काळी हाताला घालावयाच्या घड्याळावरून लोकांनी त्याला 'एचएमटी' म्हटले. ते वाण विदर्भातून परप्रांतांतही पसरले. कृषी विद्यापीठाने ते शुद्ध करून आपल्या नावाची अक्षरे पुढे जोडून काढले. दादाजींना मानसन्मान मागाहून मिळाले; पण वाणावर हक्क असा नाही. पेटंटच्या कायद्यात बियाणे व पिकांची वाणे बसत नाहीत, आणि शेतकऱ्याचा वाणावरील हक्क मानणारा निराळा कायदा २००१ साली झाला, तोवर त्यांचा तांदूळ घरोघर शिजत होता. २०१८ साली ते वारले. त्यांचा समाज कोणता, हे विचारण्याचे कारण नाही. आपण ज्ञातीच्या मांडवात बसलो आहो म्हणूनच हे मुद्दाम म्हणतो.

आता आमच्या धास्तीविषयी. आपल्या कायद्याप्रमाणे शोध नवा असला पाहिजे. म्हणजे अर्ज करण्यापूर्वी तो जगात कोठेही उघड झालेला नसावा. स्वतः शोधकानेच उघड केला तरी तो उघड झाला! सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना याबाबत सवलत आहे. तेथे मांडल्यावर बारा महिन्यांत अर्ज चालतो. आपल्या संमेलनाचा मांडव त्या यादीत नाही. म्हणजे एखाद्या मुलाने आपले यंत्र कौतुकाने येथे मांडावे, या स्मरणिकेत त्याचे सचित्र वर्णन छापावे, काकामामांनी मोबाईलवर चित्रफीत काढून चार गावी धाडावी, आणि त्या कौतुकातच त्याचा हक्क संपावा, असे घडू शकते. यास्तव आमचे सांगणे असे की, प्रदर्शन अवश्य भरवावे, परंतु ज्या वस्तूचा अर्ज दाखल झालेला नाही ती वस्तू मांडण्यापूर्वी शोधकास ही गोष्ट समजावून द्यावी.

अर्ज करणे फार अवघड नाही. कल्पनेचे स्वरूप पक्के झाले की तात्पुरते विवरण दाखल करता येते. त्यामुळे तारीख हाती येते आणि पूर्ण विवरणासाठी बारा महिने मिळतात. परदेशी हक्क हवा असल्यास त्याची हालचालही याच बारा महिन्यांत करावी, कारण येथील पेटंट येथेच चालते. एकट्या व्यक्तीस शुल्क मोठ्या कंपनीपेक्षा पुष्कळ कमी पडते. अर्ज केला म्हणजे तपासणी आपोआप होते असे नाही. तिची मागणी निराळी करावी लागते, आणि ती ३१ महिन्यांच्या आत. पेटंट मिळाल्यावरही तिसऱ्या वर्षापासून दर वर्षाचे शुल्क आहे. ते चुकले की हक्क गेला. मुंबईचे कार्यालय अँटॉप हिल येथे आहे. पूर्वी निघालेली पेटंटे सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. ती आधी पाहावी. पुष्कळांचा उत्साह तेथेच शांत होतो, आणि तो खर्चापूर्वी शांत झालेला बरा.

विवरण मात्र जाणत्याकडून लिहून घ्यावे. हक्काची मर्यादा ठरते ती त्यातील दाव्यांच्या वाक्यांनी. सैल लिहिलेला दावा म्हणजे कुंपणाला सोडलेले खिंडार. शेजाऱ्याची गुरे तेथूनच येतात.

मंडळाचा शिक्षण निधी आहे. त्यातून मुलांना परत फेडीच्या बोलीने फीसाठी रक्कम मिळते. तशाच बोलीने दरसाल एकदोन अर्जांचे शुल्क आणि विवरण लिहिणाऱ्याचा मेहनताना देण्याची तरतूद करावी, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिली आहे. रक्कम बुडण्याचा संभव आहे, हे सूचनेत स्पष्ट लिहिले आहे. बहुतेक पेटंटांतून पैसा येत नाही, हेही लिहिले आहे. तरीही मागणी केली आहे. निधीच्या सभासदांपैकी ज्यांना ती मान्य नसेल त्यांनी आपले म्हणणे चिटणीसांकडे कळवावे. आणि ज्यांच्या घरी असे काही काम चालू असेल त्यांनी ते येथे चारचौघांत न सांगता, तारीख घातलेली वही घेऊन आम्हांला स्वतंत्र भेटावे.