चित्राखालचे नाव
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



स्मरणिकेसाठी सर्वांनी घरातले जुने फोटो आणले आहेत. त्यावरून मला आज एका जुन्या चित्राविषयी बोलायचे आहे. चित्र आहे विल्यम कॅरी यांचे. मराठी भाषेचे व्याकरण त्यांनी १८०५ साली श्रीरामपूरला छापले. हे श्रीरामपूर अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, कलकत्त्याजवळचे.

मूळ तैलचित्र रॉबर्ट होम या इंग्रज चित्रकाराचे. पुढे वर्दिंग्टन नावाच्या कारागिराने ते धातूच्या पत्र्यावर कोरले आणि त्याचे छाप निघाले. कोरीव चित्रात रंग नसतो. सावली दाखवायची ती बारीक रेघा जवळजवळ कोरून. शिवाय छाप उलटा उमटतो, म्हणून कारागिराला सगळे उलटे कोरावे लागते. अशा चित्राच्या खाली बहुधा डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव असते, उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचे आणि मधोमध चित्रातल्या थोर माणसाचे.

आता चित्र पाहा. कॅरी टेबलापाशी बसले आहेत, हातात लेखणी, पुढ्यात कागद. शेजारी एक पंडित आहेत. खाली कॅरींचे नाव पदवीसकट आहे. पंडितांची ओळख मात्र ‘त्यांचा ब्राह्मण पंडित’ एवढीच. अभ्यासक त्यांना मृत्युंजय विद्यालंकार मानतात. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली विभागाचे ते मुख्य पंडित होते, स्वतः ग्रंथकार होते. लेखणी एकाच्या हाती दिसते, म्हणून सगळी विद्या त्याचीच, असे पाहणाऱ्याला वाटते. पण परक्या माणसाला भाषा शिकवायची तर एकाने बोलावे लागते, तेव्हा दुसरा लिहितो.

मराठीच्या बाबतीत बोलणारे होते वैजनाथ पंडित. त्याच कॉलेजात ते मराठीचे मुख्य पंडित होते. व्याकरणाच्या प्रस्तावनेत कॅरींनी त्यांचे नाव नोंदवले, म्हणून तरी ते आपल्यापर्यंत आले. पुढे १८१४ साली ‘सिंहासनबत्तिशी’ मराठीत, मोडी अक्षरांत छापून निघाली, ती वैजनाथांचीच.

आपण वडगावकर. १७७९ च्या तहामुळे गावाचे नाव इतिहासात गेले. महादजी शिंद्यांचे नाव आपल्याला पाठ आहे, पण तहाचा कागद लिहून काढणाऱ्या कारकुनाचे नाव वर्गात आपण कधी विचारले नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या वर्गाच्या फोटोत मधल्या खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि शिक्षक आहेत, त्यांची नावे सगळ्यांना आठवतील. पण कडेला उभे असलेले, घंटा देणारे शिपाईकाका? मागच्या रांगेतली, दहावीआधीच शाळा सुटलेली ती मुले-मुली? त्यांची नावे स्मरणिकेत आली नाहीत, तर पन्नास वर्षांनी आपली नातवंडे ‘आणि इतर’ एवढेच वाचतील.

फोटो छपाईला जाण्याआधी आज जेवणानंतर दहा मिनिटे काढू. प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने, रांगेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे नावे लिहू, वर्षही घालू. आपल्याला आठवणार नाहीत ती नावे सरांना आणि बाईंना विचारू. हजेरी घेताना त्यांनी ती रोज उच्चारली आहेत. ते आज आपल्यात बसले आहेत, तोवर विचारून घेऊ.